ड्रोन, सॅटेलाइट सगळं असताना टेहळणीला माणसं कशाला पाठवतात?

पार्कचौक_एक्सप्रेस:

नमस्कार मंडळी. भरतीची तयारी करायलोय, रोज पहाटे होम मैदानावर पळायला असतो, सात-आठ जणांचा ग्रुप आहे. पळून झालं की चहा आणि चहावर भांडण, हे ठरलेलं. काल मी म्हटलं की मला पुढं घातकमधे, म्हणजे पायदळाच्या खास तुकडीत, नाहीतर पॅरा एसएफमधे, म्हणजे पॅराशूटवाल्या स्पेशल फोर्समधे जायचंय, ती रेकी करणारी, शत्रूच्या पाठीमागं जाऊन चार-चार दिवस लपून बसणारी टीम असते ना, तसलं काम. तर आमच्यातला एक इंजिनिअरिंगवाला लगेच म्हणायला, का बे, आता कोण लपून बसतंय, ड्रोन सोडला की सगळं स्क्रीनवर, आता तर लग्नाच्या वरातीवर पण ड्रोन असतोय, आर्मीकडं नसेल का. बाकीचे पण हसले. मला उत्तर देता येईना, चहाचे पैसे पण मीच दिले वर.

तर विचारायचं होतं की ही रेकी करणारी युनिटं नक्की करतात काय? रील्समधे बघितलं तर सगळे दाढीवाले, हेल्मेटवर दुर्बीण, दार तोडून आत घुसायलेत. म्हणजे हे लोक लढतात का नुसतं बघून येतात? आणि नुसतं बघून यायचं असेल तर त्याला एवढी अवघड निवड, एवढं ट्रेनिंग कशाला लागतंय, बघायला काय, डोळे सगळ्यांनाच असतात. आणि तो ड्रोनचा मुद्दा. कुणी फौजेतलं असेल तर सांगा प्लीज, उद्या चहावर परत तोच विषय निघणार आहे.

मोहोळचा_हवालदार:

बाळा, मी मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालो, आता मोहोळकडं शेती बघतो. एसएफमधे नव्हतो हे आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल काका फेकायलेत. साधा पायदळाचा माणूस. पण रेकीला ढिगानं गेलोय आणि घातकच्या पोरांबरोबर एका बराकीत राहिलोय, म्हणून बोलतो.

पहिलं डोक्यातनं काढ की रेकी म्हणजे मारामारी. आम्हाला सुरुवातीलाच दोन गस्ती वेगवेगळ्या शिकवतात, एक रेकी पेट्रोल आणि एक फायटिंग पेट्रोल. फायटिंगवाले माणसं जास्त नेतात, दारूगोळा जास्त नेतात, जाऊन भिडतात. रेकीवाले तीन-चार जण, सामान कमी, आणि गोळी चालवायची पाळी आली म्हणजे समज काम बिघडलं. हत्यार असतंय ते निसटून यायला. एक गोळी सुटली की समोरच्याला कळलं आपल्यावर नजर आहे, तो जागा बदलतो, संत्री, म्हणजे पहारेकरी, वाढवतो, आणि तुझी चार दिवसांची मेहनत गेली पाण्यात.

आता तू म्हणतोस बघायला काय लागतं. बघून आल्यावर साहेबासमोर उभं राहून "साहेब तिथं लई लोक होते" म्हणून बघ एकदा. किती होते, कुठं होते, काय करत होते, किती वाजता बघितलं, अंगावर काय, हातात काय, संत्री कधी बदलतो, पाणी कुठनं आणतात, कुत्रं आहे का, तारेला कुठं वाट पडली आहे का. आणि "दिसलं" वेगळं आणि "वाटलं" वेगळं, हे सांगताना वेगळं करून सांगायचं. चार रात्री झोप नाही, अंगाला मुंग्या चावलेल्या, आणि तरी डोकं एवढं जागेवर ठेवायचं की मशीनगन डाव्या झाडाखाली होती का उजव्या, यात चूक नको. तू सांगितलेल्या झाडावर भरवसा ठेवून उद्या शंभर पोरं पुढं जाणार असतात.

निघायच्या आधी आम्हाला एका जागी उड्या मारायला लावायचे. काय वाजतं ते ऐकायला. बकल, किल्ली, काडेपेटी, सगळं निघायचं बाहेर. पाण्याची बाटली एकतर काठोकाठ भरलेली नाहीतर पूर्ण रिकामी, अर्धी असली की डचमळते आणि रात्री तो आवाज लई लांब जातो. आमच्यात एक अक्कलकोटकडचा होता, त्यानं घरनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणलेली. रेशन म्हणून एक नंबर, वजन नाही, महिनाभर खराब होत नाही. रात्री ओपीत, म्हणजे लपून बघायची जागा असते तिथं, त्याला लागली भूक आणि त्यानं मोडली भाकरी. कटाक्. एवढ्या शांततेत असा आवाज आला की माझाच हात रायफलवर गेला. उस्ताद काही बोलला नाही तेव्हा. सकाळी परत आल्यावर त्याच्याकडनं सगळ्या भाकरी पाण्यात भिजवून खाऊन घेतल्या, चटणीशिवाय.

आणि एक किस्सा बेळगावचा. एक्सरसाइज होती, म्हणजे युद्धाचा सराव, आम्ही चौघं करवंदीच्या जाळीत पहाटेपासनं झोपलेलो, चेहऱ्याला काळं, अंगावर गवत, समोरच्या रस्त्यावर कुठल्या गाड्या जातात ते लिहायचं. आम्हाला वाटलं आम्ही म्हणजे जमीनच झालोय. नऊच्या सुमाराला एक आठ-नऊ वर्षांची पोरगी शेळ्या घेऊन आली, सरळ आमच्यासमोर उभी राहिली आणि कानडीत म्हणते, "इल्ली याक मलगीरी?" इथं का झोपलाय म्हणून. शेळीला आमच्या डोक्यावरचा पाला खायचा होता. झालं, एक्सरसाइजमधे आम्ही चौघं शहीद.

तुझा तो मित्र ड्रोन म्हणतो ते चूक नाही. पण ड्रोनवर सविस्तर कुणी शिकलेला माणूस बोलेल, मला जेवढं माहीत तेवढं सांगितलं.

जय_हिंद_४१३:

भारत माता की जय 🇮🇳🇮🇳 असे विषय जास्तीत जास्त शेअर करा

ओव्हरक्लॉक_पोरगा:

तो इंजिनिअरिंगवाला मीच. 😄 काका मस्त लिहिलंय, भाकरीचा किस्सा वाचून चहा नाकातनं आला. पण मुद्दा राहतोच ना. आजकाल सॅटेलाइटचे फोटो ३० सेंटिमीटरपर्यंतचे विकत मिळतात, विकत, म्हणजे साध्या कंपन्यांना. लष्कराकडं त्याहून भारी असणार. ड्रोनवर थर्मल कॅमेरा असतो, रात्री अंगाची उष्णता दिसते, मग जाळीत लपला काय आणि उघड्यावर बसला काय. युक्रेनमधे रोज बघतोय आपण, दोन्ही बाजूंचे ड्रोन दिवसरात्र वर, रस्त्यावर एक गाडी हलली की पाच मिनिटांत त्यावर काहीतरी पडतंय. अशा ठिकाणी चार माणसं चालत पाठवायची म्हणजे त्यांना मारायलाच पाठवल्यासारखं. मशीन मेलं तर दुसरं येतं, माणूस मेला तर त्याच्या घरी काय सांगायचं. मी चेष्टा करत नव्हतो बे, खरंच विचारायलोय.

जुना_नकाशा:

विषय माझ्या आवडीचा आहे त्यामुळं लांबणार, आधीच माफी.

ओव्हरक्लॉक, तुझं अर्धं बरोबर आहे. ड्रोननं टेहळणीतलं मोठं काम खाल्लंय, आणि आता रेकीवाली पोरं स्वतःच पाठीवर छोटा ड्रोन घेऊन जातात, म्हणजे माणूस विरुद्ध ड्रोन अशी कुस्ती नाहीच मुळात. पण वरनं काय दिसत नाही ते बघ.

आपण सोलापूरकर आहोत, काळ्या जमिनीवर वाढलेलो. जूनमधे दोन मोठे पाऊस झाले की वरनं शेत कसं दिसतं? सपाट, काळंभोर, छान. गुगलवर बघितलं तर कुणीही म्हणेल इथनं ट्रक जाईल. नेऊन दाखव. ट्रॅक्टर एक्सलपर्यंत बसतो. जमीन वजन धरते का नाही हे फोटोत येत नाही, त्यात पाय घालावा लागतो.

आता हेच १९४४ ला दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं त्याला लाव. दोस्त सैन्याकडं त्या किनाऱ्याचे विमानातनं काढलेले फोटो ढिगानं होते. अडचण अशी निघाली की वाळूच्या खाली काही ठिकाणी मऊ, कुजकट मातीचा थर असावा अशी शंका आली, म्हणजे रणगाडे उतरवले आणि रुतून बसले तर सगळाच खेळ खल्लास. फोटोत वाळू वाळूसारखीच दिसते. मग १९४३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री, जर्मन पहारेकरी नवं वर्ष साजरं करत असतील या हिशेबानं, दोन माणसं पोहत किनाऱ्यावर गेली, मेजर स्कॉट-बाउडेन आणि सार्जंट ऑग्डेन-स्मिथ. हातात जमिनीत फिरवून माती काढायचा सामता, कमरेला नळ्या. कुठं किती खोलीवर काय लागतं त्याचे नमुने भरले आणि गोठवणाऱ्या पाण्यातनं परत पोहत बोटीवर. गोळी एक पण नाही. ते ज्या युनिटचे होते त्याचं काम एवढंच, हल्ल्याआधी किनारा मोजून यायचा, उतार किती, खोली किती, वाळू कसली. उलटं उदाहरण म्हणजे १९४३ च्याच नोव्हेंबरमधे पॅसिफिकमधल्या तरावा बेटावरचा अमेरिकन हल्ला. तिथं प्रवाळाच्या कड्यावर पाणी किती असेल याचा अंदाज चुकला, बोटी अडकल्या, मरीन्सना गळाभर पाण्यातनं शेकडो मीटर चालत जावं लागलं, समोरनं मशीनगन. तीन-चार दिवसांत हजाराच्या आसपास अमेरिकन मेले. त्यानंतर अमेरिकेनं पाण्याखाली जाऊन आधी बघून येणारी पथकं जोरात वाढवली. आपल्याकडं नौदलाच्या मार्कोस कमांडोंचं एक काम हेच असतं.

दुसरी गोष्ट, वरच्या डोळ्याला फसवता येतं. सॅटेलाइट कधी डोक्यावर येणार हे गणितानं काढता येतं. पोखरणला मे १९९८ मधे आपल्याच ५८ इंजिनिअर रेजिमेंटनं हे करून दाखवलं, काम रात्री, आणि उजाडायच्या आत मशिनरी होती त्या जागेवर परत, म्हणजे फोटोत रोज तेच दृश्य. अमेरिकेला कळलं ते स्फोट झाल्यावर. १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांच्या फिरत्या लाँचरवर विमानांनी हजारभर फेऱ्या मारल्या असतील, पण नंतर त्यांच्याच हवाई दलाच्या अभ्यासात एकसुद्धा फिरता लाँचर मारल्याचं खात्रीनं म्हणता आलं नाही. लाकूड-पत्र्याचे खोटे लाँचर उभे करून ठेवलेले. वरनं खोटा आणि खरा सारखाच.

आणि कारगिल. १९९८-९९ च्या हिवाळ्यात आपली हेलिकॉप्टरं त्या भागावर टेहळणीला फिरतच होती. घुसखोरी दिसली नाही. ३ मे १९९९ ला दिसली ती ताशी नामग्याल या गारखोनच्या मेंढपाळाला, हरवलेला याक शोधत दुर्बीण घेऊन डोंगर चढला तेव्हा. त्यानं येऊन फौजेला सांगितलं. मग बघायला गस्ती गेल्या, आणि १५ मेला कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या ४ जाटच्या पाच जवानांची गस्त पकडली गेली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, इथं लिहीत नाही. ओव्हरक्लॉक, घरी काय सांगायचं हा तुझा प्रश्न खोटा नाही एवढंच म्हणतो.

"नुसतं बघायला एवढं ट्रेनिंग कशाला" याच्यावर. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांचा लाँग रेंज डेझर्ट ग्रुप होता, १९४० मधे राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या वाळवंटवेड्या अधिकाऱ्यानं उभा केला. हा माणूस युद्धाआधी हौसेनं मोटारी घेऊन वाळवंटात फिरायचा, सावलीवर चालणारा सन कंपास त्यानंच सुधारला, कारण साधा कंपास गाडीच्या लोखंडानं भरकटतो. या ग्रुपनं पुढं धाडी पण घातल्या पण सगळ्यात मोलाचं काम रोड वॉच. त्रिपोलीहून जर्मन सेनापती रोमेलची रसद यायची त्या किनारी रस्त्याच्या कडेला दोन-दोन माणसं पहाटे अंधारात जाऊन आडवी व्हायची आणि अंधार पडेपर्यंत तिथंच. झाड नाही, झुडूप म्हणजे वीतभर. दिवसभर मोजायचं, ट्रक किती, त्यात माणसं का पिंपं, रणगाडे किती, कुठल्या जातीचे, कुठल्या दिशेनं. १९४२ मधे हे महिनोन्‌महिने सलग चाललं, पाळीनं. विचार करा, शत्रूची अख्खी रसद समोरनं जाते आणि तुम्ही पेन्सिलनं रेघा मारताय. हात शिवशिवत नसतील? त्यासाठी निवड लागते. दंड बघून त्याचा अंदाज येत नाही. याच जातीचं एक इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन पण होतं, आपल्याकडच्या जवानांचं, याचं नाव कुणी घेत नाही.

अमेरिकन मरीन्सच्या फोर्स रेकॉनमधे या दोन कामांना रंगच दिलेत, ग्रीन म्हणजे गुपचूप बघणं आणि ब्लॅक म्हणजे जाऊन तोडणं. रील्समधे फक्त ब्लॅक असतं, ग्रीनचं रील काय काढणार, सहा तास एक झुडूप.

आपल्याकडचं ताजं उदाहरण २०१६ ची सर्जिकल स्ट्राइक. टीव्हीवर २८-२९ सप्टेंबरची रात्र एवढंच दाखवलं. नंतर शौर्यपदकांची जी माहिती बाहेर आली त्यात एका मेजरची टीम ४८ तास आधीच नियंत्रण रेषा ओलांडून गेली होती आणि हल्ला सुरू होईपर्यंत लक्ष्यावर सतत नजर ठेवून होती असं आहे. त्या दोन दिवसांवर सिनेमा कुणी काढणार नाही.

आणि काकांची शेळीवाली पोरगी! काका, तुम्ही एकटे नाही. जानेवारी १९९१ मधे ब्रिटिश एसएएस कमांडोंची आठ जणांची गस्त इराकमधे रस्त्यावर नजर ठेवायला उतरली, ब्राव्हो टू झीरो हे तिचं रेडिओवरचं नाव. एका गुराखी पोरानं आपल्याला बघितलं असं त्यांचं म्हणणं. तीन मेले, त्यातले दोन थंडीनं, चार पकडले गेले, एकजण चालत सीरियाला पोचला. २८ जून २००५ ला अफगाणिस्तानात कुनार भागात अमेरिकन नौदलाचे चार सील कमांडो डोंगरावर बसलेले, शेळ्यावाले समोर आले, त्यांना सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत चारातले तीन आणि सोडवायला आलेल्या हेलिकॉप्टरमधले सोळा, एकूण १९ गेले. जगातल्या सगळ्यात महागड्या ट्रेनिंगला शेळी भारी पडते.

गड_किल्ले_भटकंती:

एवढं इंग्रज-अमेरिकन पुराण झालं आणि बहिर्जी नाईकांचं नाव नाही?? महाराजांचं हेरखातं त्यांच्याकडं, १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी सुरत कुणी बघून आलं होतं?

जुना_नकाशा:

@गड_किल्ले मान्य, राहिलं. बहिर्जींबद्दल लिहावं तर खात्रीचे कागद थोडे आणि रंगवलेले किस्से पोतंभर, म्हणून हात आखडला. पण एक फरक आहे, हेर वेष बदलून माणसांत मिसळतो आणि रेकीवाला माणसांपासनं लांब राहतो. दोन वेगळ्या विद्या. तिसरी म्हणजे पगी, पावलाचे ठसे वाचणारे. कच्छच्या रणातले रणछोडदास पगी हे रबारी, म्हणजे परत मेंढपाळच, १९६५ आणि १९७१ ला फौजेला वाट दाखवायला होते. बीएसएफनं तिकडच्या एका चौकीला त्यांचं नाव दिलंय.

माळरान_भटक्या:

मी फौजेतला नाही, पक्षी बघणारा आहे, पण हा धागा वाचून राहवेना. नान्नजच्या माळावर वीसेक वर्षं जातोय. पूर्वी माळढोक बघायला जायचो, आता माळढोक दिसणं म्हणजे लॉटरीच, पण काळवीट, धाविक, लांडगा असतात.

लपणात बसणं म्हणजे काय ते सांगतो. अंधारात जाऊन बसायचं, कारण उजेडात गेलं की सगळ्यांनी बघितलेलं असतं. पहिला अर्धा तास मजा. मग पाय. डावा पाय झोपतो, तो हलवला की उजवा म्हणतो मी काय पाप केलं. मग माशी. ती नाकावर बसते आणि तिला माहीत असतं तुम्ही हात उचलणार नाही. दोन तासांनी डोळे बघतात पण डोक्यात काही शिरत नाही, समोर काळवीट येऊन उभा असतो आणि तुम्ही विचार करताय की गॅसचा नंबर लावायचा राहिला. मग मी एक सवय लावून घेतली, समोरच्या माळाचे मनात पट्टे पाडायचे, जवळचा, मधला, लांबचा, आणि उजवीकडनं डावीकडं बघत जायचं. वाचायची सवय डावीकडनं उजवीकडं असते ना, मग डोळा घसरत जातो, उलटं बघितलं की अडकतो. एका एनसीसीच्या सरांनी सांगितलं की त्यांच्यात पण हेच शिकवतात.

मेंढपाळाला कसं कळतं हे मी एका धनगर मामांना विचारलेलं. लांडगा असा एखाद्या उंचवट्यावर पडून दुपारभर कळप बघत असतो, मेंढ्या कुठं बसतात, कुत्री कुठल्या बाजूला, म्हातारं मेंढरू कुठलं. रेकीच ती. मी म्हटलं तुम्हाला दिसतो का तो? मामा म्हणाले, "लांडगा कशाला बघू, मी मेंढरं बघतो. मेंढरांनी मान वर केली की कळतंय." रोज त्याच माळावर फिरणाऱ्याला काय बदललं तेवढंच दिसतं. काल नव्हतं ते झुडूप आज कुठनं आलं. आपण परकी माणसं कितीही पाला लावून बसलो तरी त्याच्या माळावर एक वस्तू जास्तच असते.

ओव्हरक्लॉक_पोरगा:

ओके, जमिनीचा मुद्दा पटला. आमचं शेत कुंभारीला आहे, मागच्या पावसात बाबांची बोलेरो काढायला जेसीबी आणावा लागला, आणि मी स्वतः म्हटलेलं की बाबा जाईल की, सुकलंय. 🙈 पण थर्मलचं कुणी बोललं नाही.

मोहोळचा_हवालदार:

थर्मलचं मी माझ्यापुरतं सांगतो. उन्हाळ्यात आपल्याकडं ४३-४४ ला दगड एवढा तापतो की रात्री दहापर्यंत दगडाची आणि माणसाची उष्णता सारखीच, ओळखू येत नाही. पहाटे मात्र माणूस दिव्यासारखा दिसतो. म्हणून पहाटे हलायचं नाही, जागा त्याच्या आधी धरायची. धुकं, पाऊस, दाट झाडी असली की तो पण आंधळाच. आणि ड्रोनचा आवाज येतो रे. आवाज आला की समोरच्याला कळलं. माणूस गप बसला तर कळत नाही.

आता पार्कचौकवाल्या बाळासाठी. "रेकी युनिटमधे भरती" असं काही नसतं. आधी शिपाई हो. आता अग्निवीर, चार वर्षं, त्यातनं पंचवीस टक्के पुढं ठेवतात. पायदळाच्या प्रत्येक बटालियनची आपली घातक प्लाटून असते, वीसेक जणांची, बटालियनमधलीच चांगली पोरं निवडून. टायगर हिलवर कड्यावरनं चढलेले परमवीर योगेंद्रसिंग यादव १८ ग्रेनेडिअर्सच्या घातकमधलेच. पॅरा एसएफला जायचं तर स्वतःहून नाव द्यावं लागतं, काही महिन्यांचं प्रोबेशन, त्यात बरेच जण परत येतात आणि परत येण्यात कमीपणा काही नाही. आपल्या मराठ्यांचं तिथं जुनं नातं आहे, २१ पॅरा एसएफ आधी २१ मराठा होती. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक तिथलेच, नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले.

पळणं चालू ठेव. पण पळणारे लई बघितले मी. एका जागी गप बसणारा हजारात एखादा. तुला खरंच बघायचं असेल तर एकदा मोबाइल घरी ठेव आणि कुठंतरी माळावर दोन तास बसून ये. कुणाला दिसू नको आणि काय काय बघितलं ते लिहून आण. ज्या वाटेनं गेलास त्या वाटेनं परत यायचं नाही, हे पहिलं शिकवतात, कारण जाताना कुणी बघितलं असेल तर तो वाटेवर वाट बघत बसतो.

पार्कचौक_एक्सप्रेस:

सगळ्यांना लई लई धन्यवाद. उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण काकांनी सांगितलेलं करून आलो आज.

हिप्परग्याच्या तलावाकडं गेलो, पहाटे साडेपाचला, गाडी लांब लावली. मोबाइल खरंच घरी. काठाजवळ बाभळीखाली एक खड्डा होता त्यात आडवा झालो, अंगावर आजीची जुनी चादर घेतली, मळकी झालेली, मातीच्या रंगाची. म्हटलं आपण सेट. वहीत लिहायला सुरुवात केली: एक मासेमारीची होडी, दोघं. पलीकडच्या रस्त्यावर दूधवाला. एक म्हातारे, हातात डबा. बगळे चौदा, मग मोजताना चुकलो, परत मोजले, अकरा. किती वाजले कळेना कारण घड्याळ मोबाइलमधेच असतंय ना माझं. वहीत सगळ्या नोंदींपुढं वेळेची जागा कोरी.

साधारण वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील आणि एक टिटवी डोक्यावर येऊन बोंबलायला लागली. टिटीव टिटीव टिटीव, जाईचना. मी गप. ती अजून जोरात. मला वाटलं थांबेल. तेवढ्यात पाठीमागनं काठीचा आवाज आला आणि एक मामा मेंढरं घेऊन उभे. चादर काठीनं बाजूला करून म्हणतात, "कोण हाय बे? टिटवी ओरडायली म्हणून बघायला आलो, म्हटलं लांडगा हाय का काय." मी उठून बसलो, सांगितलं मामा भरतीची प्रॅक्टिस करायलोय. ते दोन मिनिटं बघतच राहिले. मग म्हणाले, तिची अंडी हायत तिथं, तुझ्या पायापासनं चार हातावर, सरक तिकडं.

खरंच होती, चार, खड्यासारखी, उघड्यावर. पंचवीस मिनिटं मी शेजारी झोपलेलो आणि मला दिसली नाहीत.

ओव्हरक्लॉक, हसून घे. उद्या चहा तुझ्याकडनं.

मोहोळचा_हवालदार:

परत कुठल्या वाटेनं आलास?

पार्कचौक_एक्सप्रेस:

…गेलो त्याच.